ण नसलेले शब्द

जाईला नवरा निवडायला दोन भेटी पुरल्या होत्या, पण खेळ निवडायला तीन आठवडे लागले. हे वाक्य प्रीतमचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. ऑफिसात, नाक्यावर, चुलतभावांच्या ग्रुपवर, जिथे म्हणून दोन कान सापडतील तिथे तो ते ऐकवत होता, आणि जाई शेजारी उभी असली तर जरा मोठ्यानेच.

पण खेळ निवडणं म्हणजे काय खायचं काम आहे? त्यातून तो खेळ तांडेल आणि त्यांचे व्याही, अशा दोन घरांनी एकत्र बसून खेळायचा. एका घरात कोणी चूक केली तर दुसऱ्या घरात महिनाभर त्याची चटणी वाटली जाते. जाईला तर त्या खेळातून एक काम करून घ्यायचं होतं. तिला आपल्या सासूला बोलतं करायचं होतं.

आता भागीरथीबाई तांडेल यांना बोलतं करायचं, असं त्यांच्या करावे गावात कोणी ऐकलं असतं तर हसून हसून पोट धरलं असतं. बाईंचा आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी प्रीतमला हाक मारली की खालचा भाडेकरूही न बोलावता वर येई. मासळीवालीशी, भाच्याच्या बायकोशी, टीव्हीतल्या निवेदिकेशी, सगळ्यांशी त्या बोलत. जाई सून म्हणून घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिला गावातली चार पिढ्यांची भांडणं पाठ झाली होती. बाई फक्त एका माणसासमोर गप्प बसत, आणि तो माणूस म्हणजे जाईचे बाबा.

सुधीरराव मुंबईच्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांनी लिहायचं आणि यांनी त्यातल्या चुका शोधायच्या. ते रिटायर झाले, पण कान आणि लाल पेन काही रिटायर झालं नाही. सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत 'लिफ्ट दुरुस्थीसाठी बंद' अशी नोटीस लागली, तर लिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो 'थ' दुरुस्त झालेला असे. स्वभावाने माणूस साखरेसारखा. पण चुकीचा शब्द कानावर पडला की तोंडून बरोबर शब्द बाहेर पडलाच म्हणून समजा. शिंक आल्यासारखं, थांबवू म्हटलं तरी थांबत नसे.

साखरपुड्याच्या दिवशी ही शिंक आली होती. भागीरथीबाई मोठ्या उमाळ्याने म्हणाल्या होत्या, "आमच्याकर हलदीला कोनी उपाशी जात नाय, व्याही!" आणि सुधीररावांनी तितक्याच उमाळ्याने हसून म्हटलं होतं, "कोणी. ण. बाणातला ण, विहीणबाई." सगळे हसले. भागीरथीबाईही हसल्या. आणि त्यानंतर आठ महिने त्या माणसासमोर त्यांच्या तोंडून 'घ्या', 'बसा' आणि 'हं' यापलीकडे एक शब्द निघाला नव्हता.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जाईचे आईबाबा करावे गावात जेवायला येत. बाई पापलेट तळत, कोळंबीचं कालवण करत, आग्रहाने वाढत, आणि सगळं मुक्यानेच. जाईने एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "आई, तुम्हाला बाबांची भीती वाटते का?"

"तुज्या बापाची कसली भीती? देवमानूस हाय," बाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मना त्याच्या कानाची भीती वाटते."

आणि इकडे सुधीरराव घरी जाताना रिक्षात बायकोला म्हणत, "विहीणबाई किती शांत आहेत नाही? शिकण्यासारखं आहे, चारू." हे चारुलताबाईंनी लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा जाईने कपाळावर हात मारून घेतला.

बाबांना सरळ सांगून टाकायचं, हा मार्ग होताच. पण बाबांची माफी म्हणजे छापील शुद्धिपत्रक. ते उभे राहणार, घसा खाकरणार, कोणत्या तारखेला कोणता शब्द चुकीच्या ठिकाणी दुरुस्त केला ते सांगणार, आणि सासूबाई उरल्यासुरल्या मुक्या होणार. छे! माणूस खेळायला बसला की भान विसरतो, तेव्हा खेळच बरा, असं जाईने ठरवलं. या रविवारी जेवणाआधी सगळ्यांनी मिळून शब्द ओळखायचा खेळ खेळायचा.

नेरूळला स्टेशनजवळ मानसिंगचं खेळण्यांचं दुकान आहे. तिथे ती तीन शनिवार गेली. इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा खेळ होता, पण सासूबाईंची शाळा मराठी चौथी. मराठी अक्षरांचाही एक होता, पण त्यात शब्द लिहायचे, म्हणजे बाबा ऱ्हस्व-दीर्घावर रात्रीचं जेवण थांबवणार. चित्रं काढून ओळखायचा होता, पण प्रीतमने बैल काढला तरी तो सुरमईसारखा दिसतो. तिसऱ्या शनिवारी मानसिंग म्हणाला, "मॅडम, खेळ घ्यायचाय की जावई?"

"जावई आहे. त्याच्याच घरासाठी घ्यायचाय."

"मग हा घ्या." त्याने एक डबा काढला. एकाने कार्ड उचलायचं, त्यावरचा शब्द न उच्चारता आपल्या माणसांना तो ओळखायला लावायचा. गंमत अशी की शब्दाखाली चार शब्द आणखी लिहिलेले, तेही म्हणायचे नाहीत. म्हटले की बाद, आणि पॉइंट समोरच्या पार्टीला. दुसऱ्या पार्टीचा एक माणूस घंटी घेऊन लक्ष ठेवायला बसतो. फक्त बोलायचं, लिहायचं काही नाही. जाईला खेळ पसंत पडला, पण कार्डं सगळी इंग्रजीत. तिने डब्याचे फोटो काढून घेतले, मानसिंगने "सगळे असंच करतात" म्हणून उसासा टाकला, आणि तिने कार्डं घरीच बनवायचं ठरवलं. लग्नाच्या पत्रिका साठ-सत्तर उरल्या होत्या. त्यांची मागची बाजू कोरी होती.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. शब्द असे हवेत की ते बोलताना सासूबाईंना 'ण' लागू नये.

लोणचं? नको. आठवण? नको. दिवाळीचा फराळ? चालेल. भांडण? नको गं बाई. गणपती? अरे देवा, गणपतीसुद्धा बाद!

प्रीतम पलंगावर लोळत हे सगळं बघत होता. "ळ पण काढ," तो म्हणाला. "आई फराल म्हणते."

जाईने पेन खाली ठेवलं. "मग उरलं काय?"

"भात. मासा. सासू. मी." तो उठून बसला. "जाई, तू माझ्या आईसाठी खेळ बनवतेस की तिच्यासाठी मराठी भाषा नवीन काढतेस?"

"तू गप रे! तुला कळत नाही. माझ्याच बापाने तिचं तोंड बंद केलंय. मला रोज वाईट वाटतं त्याचं."

 प्रीतम पलंगावरून उतरला आणि कात्री घेऊन पत्रिका कापत बसला. रात्रीपर्यंत पन्नास कार्डं तयार झाली. त्यातलं एक जाईने खास सासूबाईंसाठी लिहिलं होतं: मिठागर. बाईंचं माहेर उरणकडचं, वडिलांचा जन्म मिठागरावर गेलेला. त्यावर बाई डोळे मिटून बोलतील, असा तिचा हिशेब. शब्दात ना ण, ना ळ. खालचे चार शब्द तिने घाईघाईत खरडले आणि कार्ड वेगळं ठेवलं. पत्ते पिसताना ते सासूबाईंच्या वाट्याला कसं आणायचं, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. चांगल्या कामासाठी थोडी लबाडी चालते.

रविवारी पाच वाजता व्याही आले. चहा झाला, चकल्या झाल्या. जाईचा बेत असा होता की दोन्ही घरं सरमिसळ करून पार्ट्या पाडायच्या, म्हणजे बाबा आणि सासूबाई एकाच बाजूला येतील. पण सासरे नामा तांडेल म्हणजे जन्माचे कबड्डी खेळाडू. त्यांना ही खिचडी कुठली मंजूर व्हायला? "अशी कंदी पार्टी असते का?" ते म्हणाले. "करावे एका बाजूला, सीवूड्स एका बाजूला. जाई, तू माहेरकडून खेल. आज एक दिवस सोरली तुला."

म्हणजे बाबा समोरच्या बाजूला. आणि घंटीवर लक्ष ठेवायला कोण? चौतीस वर्षं चुका शोधलेला माणूस समोर असताना दुसऱ्या कोणाचं नाव निघणार? प्रीतमच्या जुन्या सायकलची घंटी सुधीररावांच्या हातात गेली. जाईने मनातल्या मनात मानसिंगला चार शिव्या घातल्या, त्याचा काही दोष नसताना.

खेळ मात्र रंगला. सुधीररावांनी कार्ड उचललं आणि म्हणाले, "भ्रमणध्वनी." चारुलताबाई चकली चावता चावता म्हणाल्या, "मोबाइल." तेहतीस वर्षांचा संसार, दुसरं काय! नामा तांडेलांना 'सासू' आलं. त्यांनी जाईकडे बोट दाखवून प्रीतमला विचारलं, "ही घरात कोनाला भिते?"

"कोणालाच नाही," प्रीतम म्हणाला.

"अरे, भ्याला पायजे कोनाला?"

"सासूला!"

सुधीररावांचे ओठ 'कोणाला'साठी हलले. चारुलताबाईंनी चपळाईने त्यांच्या तोंडात चकली दिली. त्या बाईंनाही डोळे होते.

भागीरथीबाई दोनदा पाळी आली तेव्हा "मना नको, तुमी खेला" एवढं प्रीतमच्या कानात पुटपुटल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. तिसऱ्यांदा पाळी आली तेव्हा नऊ-नऊ अशी बरोबरी झाली होती आणि जेवणाआधीचं शेवटचं, जाईने मुद्दाम राखलेलं कार्ड उरलं होतं. नामा तांडेल खुर्चीच्या कडेवर आले होते. "ऊठ गं! आता नाय बोलून चालाचा नाय. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

बाईंनी कार्ड उचललं. चष्मा नाकावर सारून वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की जाईला तीन आठवड्यांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. बाई ताडकन उभ्याच राहिल्या. समोर कोण बसलंय, कोणाच्या हातात घंटी आहे, सगळं विसरल्या.

"आमच्या माहेराला होता! बांद घातलेला. भरती आली का पानी आत घ्याचा—"

ट्रिंग!

"मिठागर!" प्रीतम ओरडला, पण घंटी वाजून गेल्यावर.

जाईने कार्ड ओढून बघितलं. 'मीठ, पाणी, खाडी, समुद्र.' तिच्याच अक्षरात. वरचे पन्नास शब्द चाळणीतून चाळले आणि खालचा ण तसाच राहिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"बाद," सुधीरराव म्हणाले. सवयीने म्हणाले, त्यात काही खोट नव्हती. "पाणी म्हणायचं नव्हतं."

 भागीरथीबाई उभ्याच होत्या. जाईला वाटलं, झालं, आता या खाली बसणार आणि पुढची आठ वर्षं 'घ्या' आणि 'बसा'. पण बाई बसल्या नाहीत. त्यांनी पदर कमरेला खोचला. मासळीवालीने वाटा लहान लावला की त्या असाच पदर खोचत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"व्याही, कार्डावं काय लिवलंय?"

"पाणी."

"आनि मी काय बोलले?"

 खोटं बोलणं सुधीररावांच्या धंद्यात बसत नव्हतं. "पानी," ते म्हणाले.

"मंग? साखरपुऱ्याला पन्नास मानसांत तुमीच बोललाव ना, न येगला नि ण येगला? आज दोगं एक कवा झाले?"

चारुलताबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं. मग प्रीतमला. नामा तांडेलांनी मांडीवर थाप मारली. "बराबर बोलली! तो शब्द कार्डावं नाय. पॉइंट आमचा! करावे जिंकला!"

जाईला मात्र हसू येईना. ती बाबांकडे बघत होती. आता बाबा नेहमीच्या भलेपणाने म्हणतील, राहू द्या, घ्या पॉइंट. सगळे टाळ्या वाजवतील. आणि त्या टाळ्यांत कायमचं ठरून जाईल की सासूबाईंचा शब्द तो शब्दच नव्हे, काहीतरी दुसरंच आहे, कार्डावर न बसणारं. देऊ नका बाबा, ती मनात म्हणत होती. नका देऊ पॉइंट.

सुधीररावांनी घंटी टीपॉयवर ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. 

"नाही, विहीणबाई," ते म्हणाले. "पॉइंट नाही मिळणार."

"का नाय?" नामा तांडेल उसळले.

"तुम्ही पानी म्हणालात, आणि मला पाणीच ऐकू आलं. माझ्या हाताने घंटी वाजवली. म्हणजे शब्द एकच आहे. तुम्ही बाद."

भागीरथीबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की? उंद्या फिराचा नाय."

"नक्की. साखरपुड्याला बोललो ती चूक माझी."

एवढंच. उभे राहिले नाहीत, घसा खाकरला नाही. 

"आठ म्हयने तोंड शिवून बसले मी तुमच्यापुरं," भागीरथीबाई म्हणाल्या. "माज्या घरान येता, माज्या हातचा जेवता, नि मी मुकी. बोलू काय, नि त्यात चुकंल काय. माज्याच घरान मना पाव्हन्यासारखा वाटाचा."

सुधीरराव गोरेमोरे झाले. त्यांनी बायकोकडे बघितलं. "आणि मी तुला म्हणत होतो, विहीणबाई शांत आहेत."

"कोन, ही?" नामा तांडेल म्हणाले. "शांत? मना तरी सांगाचा ना, मी आठ म्हयने तुमच्याकरंच राहिलो असतो!"

आता मात्र सगळेच हसले, आणि भागीरथीबाई सगळ्यांत मोठ्याने. नऊ-दहाने करावे हरलं होतं. नामा तांडेल कार्ड उलटंपालटं करून कुठे काही पळवाट सापडते का ते बघत होते. बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "ठेवा ते. मी जिंकले."

मग त्या खाली बसल्या आणि कार्डावर अडलेलं वाक्य पुढे सुरू केलं. माहेरचं मिठागर, चैत्रात पायाला बसणारे चटके, टोपल्या वाहून बापाच्या डोक्याला पडलेला घट्टा, सगळं आलं. मीठ धरायला लागलं की पाण्याचा रंग कसा बदलतो, ते सांगताना त्यांनी दोन्ही हात हवेत आडवे फिरवले. मध्येच सुधीरराव म्हणाले, "पण भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं, हे जमतं कसं?"

"बांदाला लाकराचा दार असतं ना. उचलला का पानी आत, सोरला का बंद. ती उघारी."

सुधीररावांनी खिशातून छोटी वही काढली. छापखान्यापासूनची सवय, नवीन शब्द दिसला की टिपून ठेवायचा. त्यांनी 'उघा' लिहिलं आणि पेन थांबलं. जाई वहीवर वाकली. उघडतं ते दार, म्हणजे उघाडी; सासूबाईंच्या बोलीत 'ड'चा 'र' झालेला. बाबांना हे कळणार नाही असं होणारच नव्हतं. ड की र? पेन कागदावर टेकलेलं, आणि समोर भागीरथीबाई बघतायत.

"काय झाला, व्याही? अरला का?"

"पुढचं अक्षर विचारतोय," सुधीरराव म्हणाले.

"मना काय इचारता? आयकलाव तसा लिवा."

आणि ज्या माणसाने चौतीस वर्षांत ऐकलं तसं एक अक्षर कागदावर राहू दिलं नव्हतं, त्याने र काढला आणि त्याला दीर्घ वेलांटी दिली. मग वही फिरवून बाईंपुढे धरली.

भागीरथीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. "उ... घा... री." पुन्हा एकदा वाचलं.

"लिवलेला कंदी बघलाच नवता मी," त्या म्हणाल्या. "माज्या बापाला दाखवाला पायजे होता."